सातबारा नेमका कुठे अडतो?

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातलं वेवजी हे गुजरातच्या सीमेला टेकलेलं गाव. पलीकडे उंबरगाव तालुक्यातलं सोलसुंबा. या दोन ग्रामपंचायतींमधल्या हद्दीच्या वादाच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांत येऊन गेल्या आहेत. अशा ठिकाणी जमिनीचा उतारा ही घरातली मोलाची वस्तू असते. तो उतारा आता वेबवरून निघतो. महाराष्ट्र सरकारच्या महाभूलेख या संकेतस्थळावर आधी कोकण विभाग, मग पालघर, तलासरी, वेवजी, शेवटी गट क्रमांक. सोलसुंब्याच्या शेतकऱ्यासाठी गुजरात सरकारची वेगळी व्यवस्था आहे, पण फोन तोच आणि ब्राउझरही तोच, कारण दोन्ही राज्यांची संकेतस्थळं एचटीटीपी ही एकच भाषा बोलतात.

आणि दोन्हीकडे कधी ना कधी ऐकू येतं ते वाक्यही एकच: “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” मजुरी बुडवून आलेल्या माणसाला एवढं उत्तर पुरेसं नाही. या वाक्यामागे निरनिराळे बिघाड लपलेले असतात आणि त्यांतले बरेचसे एका विशिष्ट सांध्यावर होतात. वेब सर्व्हर आणि त्यामागचा अनुप्रयोग जिथे जोडले जातात, तो हा सांधा.

संकेतस्थळ चालवणारी ही दोन वेगळी कामं आहेत. वेब सर्व्हर हा तहसील कचेरीतल्या आवक-जावक टेबलासारखा: विनंती घ्यायची, योग्य ठिकाणी पाठवायची, तयार उत्तर परत द्यायचं. गट क्रमांक म्हणजे काय, फेरफार मंजूर झाला की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. ते ज्ञान अनुप्रयोगात असतं आणि अनुप्रयोग बहुधा जँगो, लॅराव्हेल, एएसपी डॉट नेट अशा एखाद्या फ्रेमवर्कवर बांधलेला असतो. या दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचा करार आधी ठरलेला असावा लागतो.

असा पहिला सर्वमान्य करार १९९३ साली अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत तयार झाला. त्याचं नाव सीजीआय. विनंती आली की सर्व्हर एक नवी प्रोसेस सुरू करतो, विनंतीचा प्रकार, मार्ग, प्रश्न अशी माहिती ठरलेल्या नावांच्या चलांमध्ये भरून देतो आणि प्रोग्रॅम जे छापेल ते ब्राउझरकडे धाडतो. काम संपलं की प्रोसेस संपते. अतिशय स्वच्छ रचना, आणि कोणत्याही भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला चालणारी. मात्र शंभर माणसांनी एकदम उतारा मागितला तर शंभर प्रोसेस उभ्या राहणार आणि प्रत्येक जण डेटाबेसशी नव्याने जोडणी करणार. १९९६ साली आलेल्या फास्टसीजीआयने प्रोसेस कायम जिवंत ठेवायला सुरुवात केली, ती याच कारणाने.

मायक्रोसॉफ्टने वेगळी वाट धरली. महाभूलेखच्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी अनेक वर्षं ‘एएसपीएक्स’ ही अक्षरं दिसत. ती २००२ साली आलेल्या एएसपी डॉट नेटची खूण, आणि या फ्रेमवर्कचा नेहमीचा सोबती म्हणजे आयआयएस हा वेब सर्व्हर. दोघांमधल्या मूळच्या जोडाचं नाव आयएसएपीआय: सर्व्हरच्या पोटातच बसवलेला एक भाग, जो अशी शेपटी असलेली विनंती ओळखून फ्रेमवर्ककडे सोपवतो. वेग उत्तम, पण पोटातला भाग कोसळला तर सर्व्हरलाही घेऊन पडायचा. म्हणून विंडोज सर्व्हर २००३ बरोबर आलेल्या आयआयएस ६ मध्ये अनुप्रयोगांना वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवून त्यांच्यापुढे एक रांग लावली गेली. या रांगेची मर्यादा, कुणी बदलली नसेल तर, १००० विनंत्यांची असते. त्यापुढची विनंती अनुप्रयोगापर्यंत पोचतच नाही. सर्व्हर बाहेरूनच ५०३ हा आकडा देऊन ती परत पाठवतो. पीक विम्याची मुदत संपत आल्यावर उतारे काढायला गर्दी उसळते, तेव्हा कोणत्याही संकेतस्थळावर हा आकडा दिसू शकतो. यंत्र बंद पडलेलं नसतं, रांग भरलेली असते. अशा वेळी पुन्हापुन्हा बटण दाबल्याने रांग आणखी वाढते.

पायथॉनच्या जगात अडचण निराळी होती. झोप, क्विक्झोट, वेबवेअर अशी फ्रेमवर्क भरपूर, पण कोणतं फ्रेमवर्क निवडलं यावरून कोणता सर्व्हर वापरता येईल हे ठरायचं. डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबी यांनी डब्ल्यूएसजीआय हा करार मांडला. तो थक्क व्हावं इतका छोटा आहे. अनुप्रयोग म्हणजे एक फंक्शन. सर्व्हर त्याच्या हातात दोन गोष्टी देतो: विनंतीच्या माहितीचा कोश आणि उत्तराची सुरुवात कळवण्याची सोय. फंक्शन उत्तराचे तुकडे परत करतं. झालं. पुढे आलेले जँगो आणि फ्लास्क कोणत्याही सर्व्हरमागे उभे राहू शकले ते या कराराच्या जोरावर. माहितीच्या कोशातली ‘रिक्वेस्ट मेथड’, ‘पाथ इन्फो’ ही नावं थेट १९९३ च्या सीजीआयमधून उचललेली आहेत, आणि आजही ती तशीच आहेत. चांगला करार किती काळ टिकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला संगणकाच्या क्षेत्रात पटकन आठवत नाही.

मराठी वाचकाने मात्र याच करारातली एक खोच जाणून घ्यायला हवी. समजा, पत्त्यातच गावाचं नाव देवनागरीत आहे: वेवजी. यूटीएफ-८ मध्ये या नावाचे पाच घटक होतात, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १५ बाइट. ब्राउझर प्रत्येक बाइटसाठी एक टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं पाठवतो, त्यामुळे तारेवरून ४५ चिन्हं जातात. सर्व्हर त्यांचे पुन्हा १५ बाइट करतो. इथवर ठीक. पण २०१० मध्ये पायथॉन ३ साठी सुधारलेल्या डब्ल्यूएसजीआयचा नियम असा, की हे बाइट लॅटिन-१ या युरोपी वर्णमालेची अक्षरं असल्यासारखे पुढे द्यायचे. म्हणजे अनुप्रयोगाच्या हाती ‘वेवजी’ पडत नाही. डोक्यावर तिरक्या रेघा घेतलेल्या अनोळखी चिन्हांची १५ अक्षरी माळ पडते. माहिती हरवलेली नसते. ती उलटी फिरवून पुन्हा यूटीएफ-८ म्हणून वाचली की नाव नीट उमटतं. जँगोसारखी फ्रेमवर्क हे आपणहून करतात. कुणी स्वतः जोड लिहिला आणि ही पायरी गाळली, तर ‘पुणे’ इंग्रजीत टाकून केलेल्या सगळ्या चाचण्या पास होतात आणि वेवजीच्या माणसाला ‘गाव सापडले नाही’ असं उत्तर मिळतं. अँड्र्यू गॉडविन यांनी पुढे आणलेल्या एएसजीआय या नव्या करारात पत्ता उलगडून, योग्य अक्षरांतच द्यायचा असा नियम आहे. जँगोने डिसेंबर २०१९ मधल्या ३.० आवृत्तीत हा करार स्वीकारला.

आता मंद नेटवर्कचं गणित. पायथॉनचा अनुप्रयोग चालवणाऱ्या गनिकॉर्न या सर्व्हरचे कर्ते सुचवतात, की प्रोसेसरच्या गाभ्यांची दुप्पट अधिक एक इतके कामकरी, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस, ठेवावेत. चार गाभे असतील तर नऊ. एका अर्जाला तीन सेकंद लागत असतील तर मिनिटाला १८० अर्ज निघतात. पण अर्जासोबत दाखल्याचा फोटो आहे, नेटवर्क दमलेलं आहे आणि तो चढायला २० सेकंद लागतात असं धरा. तेवढा वेळ कामकरी नुसता थांबून राहिला, तर मिनिटाला २३ च अर्ज निघतील. यंत्र तेच, खर्च तोच. यावरचा उपाय म्हणजे पुढे एनजिनएक्स उभा करणं. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुला केलेला हा सर्व्हर हजारो मंद जोडण्या एकाच वेळी सांभाळतो, फोटो पूर्ण हाती आल्यावरच अर्ज आत सरकवतो, आणि आतला कामकरी तीन सेकंदांत मोकळा होतो.

या जोडणीत बिघाडांचे आकडेही बोलके होतात. आतला अनुप्रयोग मेला असेल तर एनजिनएक्स ५०२ दाखवतो. अनुप्रयोग जिवंत आहे पण ठरलेल्या वेळेत, मूळ मांडणीत ६० सेकंदांत, काहीच बोलला नाही तर ५०४. सेवा केंद्र चालवणाऱ्याने तक्रार करताना हा आकडा कळवला, तर दुरुस्ती करणाऱ्याची निम्मी शोधाशोध वाचते.

आणखी एक आकडा ४१३. एनजिनएक्सच्या मूळ मांडणीत विनंतीचं वजन एक एमबीपुरतंच मर्यादित असतं. अनुप्रयोग लिहिणाऱ्याने अर्जावर ‘दोन एमबीपर्यंत चालेल’ असं छापलेलं असतं आणि दारावरची मर्यादा वाढवायची राहून जाते. मग दीड एमबीचा फोटो दारातूनच परत येतो, तोही एका इंग्रजी ओळीसह, आणि अर्जदाराला वाटतं की आपलाच कागद चुकला. दारावरच्या मांडणीत ही मर्यादा वाढवायला एक ओळ लागते आणि ४१३ साठी मराठीत लिहिलेलं पान जोडायला आणखी एक.