जुनेराची घडी

दिवाळी तोंडावर आली की मध्यमवर्गीय घरात दोन कामे हटकून होतात. आधी कपाटे उपसली जातात आणि मग ती पुन्हा भरली जातात. उपसलेले सारे बोहारणीच्या गाठोड्यात जाते व त्याच्या बदल्यात स्टीलचे पातेले घरात येते. पातेले वाजवून पाहताना, 'एक साडी कमी घे ग' म्हणून हुज्जत घालताना आपल्याला मुळीच संकोच वाटत नाही. पण तशीच साडी कुणी विकत घ्या म्हटले, की आपण दचकतो. "इश्श! दुसऱ्याचे उतरलेले कपडे?"

मी गेली काही वर्षे असे उतरलेले कपडे घेते. महाविद्यालयात मराठी शिकवते. पगार वेळेवर होतो. तेव्हा गरिबीची सबब मला सांगता येणार नाही. मला मोजके, पण मनापासून आवडणारे कपडे हवे असतात, आणि ते जुन्यांतच अधिक सापडतात, एवढेच.

संकोच तरी कशाचा करायचा? जुन्या, मऊ झालेल्या साडीला आपण 'जुनेर' असा खास शब्द ठेवला आहे. बाळाची दुपटी आजीच्या जुनेराची, थंडीतली गोधडीही त्याचीच. कोऱ्या साडीची घडी मोडायला ती कौतुकाने बहिणीला वा मैत्रिणीला देणाऱ्या आपण! दुसऱ्याच्या अंगावर आधी गेल्याने वस्त्र बाटत नाही, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. खटकते ते फक्त पैसे मोजून घेणे.

बोहारणीचे गाठोडे पुढे कुठे जाते, हेही पाहण्यासारखे आहे. कपडे निवडले जातात; धुऊन, टाके घालून, इस्त्री करून पुन्हा विकायला येतात. दिल्लीच्या रघुबीरनगरात तर असा बाजार उजाडण्यापूर्वीच भरतो. 1761 मुळे आपल्या मनात रुतून बसलेल्या पानिपतात देशोदेशीचे टाकाऊ लोकरी कपडे पिंजून पुन्हा सूत काढतात व त्याची ब्लँकेटे विणतात. एका सुती सदऱ्यामागे, कापूस पिकवण्यापासून धरले तर, सुमारे 2700 लिटर पाणी खर्ची पडते, असा हिशेब मांडला जातो. मराठवाड्यातल्या वाचकांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मात्र स्वस्त मिळते म्हणून पिशवी भरायची नाही. मी निघण्यापूर्वी कपाटात काय आहे ते पाहते आणि काय हवे त्याची चिठ्ठी करते. चिठ्ठीत नसलेली वस्तू घरी येत नाही. रेशमी साडी घडीवर विरते, म्हणून प्रत्येक घडी उलगडून उजेडात धरावी. सदऱ्याची कॉलर, काख आणि शिवणी आतून पाहाव्या. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटूनही तितकाच रेखीव दिसतो. मागे धागे लोंबत असतील तर सावध व्हावे. ढगळ कपडा शिंपी बेताचा करून देतो, पण तोकडा वाढवून देणे त्याच्याही हाती नसते. आतले कपडे आणि चपला जुन्या घेऊ नयेत.

आता थोडे अवघड. या बाजारात आपण हौसेने जातो, कित्येक जणी गरजेने येतात. एकदा एका धडक्या सुती साडीवर माझा हात पडला, तोच शेजारची बाई हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही घेताय का ती?" आवाजात तक्रार नव्हती, नुसती चौकशी होती. मी साडी तिच्या हाती दिली. ती तिला रोज कामावर नेसायला हवी होती. माझ्या कपाटात ती सातवी झाली असती. तेव्हापासून रोजच्या वापराच्या, दणकट, स्वस्त कपड्याला मी हात लावत नाही. हातमागाची, रेशमाची, तिथे फारसे गिऱ्हाईक नसलेली वस्त्रे तेवढी पाहते आणि सांगितलेला भाव देते.

माझ्या मुलीने विचारले, "आई, मैत्रिणींनी विचारलं तर काय सांगू?" म्हटले, "खरे ते सांग. आणि दुकानाचा पत्ताही दे." आता तिच्या दोन मैत्रिणी आमच्याबरोबर येतात.

यंदा कपाट उपसाल तेव्हा फाटक्याला दोन टाके घाला, साडी धुऊन घडी करून द्या, आणि पातेल्यासाठी हुज्जत जरा कमी घाला. त्या गाठोड्यातल्या एखाद्या साडीने कुणाच्या तरी घरी दिवाळी साजरी व्हायची आहे.