भंडारदऱ्याचा आकडा

पावसाळ्यात प्रवराकाठी सकाळची पहिली चौकशी आकड्याची. घाटघरला किती पडला, रतनवाडीला किती, भंडारदऱ्यात नवं पाणी किती आलं? अकोले तालुक्यातल्या, 1926 साली पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे 11 टीएमसी पाणी मावतं. वर दर तासाला काय घडतंय, हे खाली वेळेत कळणं महत्त्वाचं.

नोंद दिसायला साधी: पाऊस मिलिमीटरमध्ये, जलाशयाची पातळी फुटांत. आवक मात्र हिशेबाने काढावी लागते. समजा, बारा तासांत साठा 300 दशलक्ष घनफुटांनी वाढला आणि तेवढा वेळ 2,000 क्युसेकचा विसर्ग चालू होता. सोडलेलं पाणी झालं साधारण 86 दशलक्ष घनफूट; म्हणजे आवक 386. पातळी चुकीची वाचली की पुढचा सगळा हिशेब कोलमडतो.

भंडारदऱ्याचा विसर्ग निळवंडे धरणात येतो. तिथून सुटलेलं पाणी अकोले, संगमनेर, ओझर बंधारा करत गोदावरीला आणि मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला मिळतं. शेजारच्या मुळा नदीवर कोतूळचा विसर्ग कळला, की राहुरीजवळच्या मुळा धरणाला तयारीला वेळ मिळतो. आकडा पाण्याच्या आधी पोचला तरच उपयोगाचा.

संगणकांत नोंद वेळेत दुसरीकडे पोचवायचं हेच काम सिसलॉग हा प्रोग्रॅम करतो. एरिक ऑलमन यांनी तो 1980च्या दशकात बर्कलीत लिहिला. यंत्रातल्या घडामोडींच्या नोंदी तो दुसऱ्या यंत्राकडे धाडतो, कारण यंत्रच बंद पडलं तर त्याच्याच डिस्कवरची नोंद वाचणार कशी? प्रत्येक संदेशाला 0 ते 7 अशी श्रेणी; 0 म्हणजे आणीबाणी. पण त्याच्या जुन्या, यूडीपी पद्धतीत पोचपावती नाही. संदेश वाटेत हरवला तरी पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून देखरेख करणाऱ्याने आलेल्या संदेशांइतकंच न आलेल्यांकडेही लक्ष ठेवायचं असतं. पर्जन्यमापकाचंही तसंच: शून्य म्हणजे पाऊस नाही, कोरा रकाना म्हणजे काहीच माहीत नाही.

पूर ओसरला तरी आकड्याचं काम संपत नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014च्या आदेशानंतर 15 ऑक्टोबरचा साठा कळीचा झाला. त्या आदेशानुसार, जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न उभा राहतो. मग नगर आणि मराठवाडा समोरासमोर येतात. अशा वादात दोन्ही बाजूंना मान्य होईल ती वेळच्या वेळी केलेली, दोन ठिकाणी ताडून पाहता येणारी नोंदच.