ध्वनिमुद्रण शिकायला निघालात? आधी कान तपासून घ्या

जून-जुलैत दवाखान्यात दोन प्रकारची गर्दी असते. एक पावसाळी तापाची आणि दुसरी 'फिटनेस'च्या दाखल्यांची. मुले हातात छापील फॉर्म घेऊन येतात. छाती तपासायची, रक्तदाब बघायचा, अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचा आणि सही-शिक्का द्यायचा. या फॉर्ममध्ये 'श्रवणशक्ती' असा एक रकाना असतो. त्यात बहुतेक ठिकाणी 'सामान्य' एवढा एकच शब्द लिहिला जातो, तोही मुलाने हाकेला ओ दिली या आधारावर. कॉमर्सला किंवा फार्मसीला जाणाऱ्याचे एवढ्यावर भागते. पण अलीकडे साउंड रेकॉर्डिंगच्या, संगीत निर्मितीच्या अभ्यासक्रमाला जाणारी मुले-मुलीही दाखल्यासाठी येऊ लागली आहेत. त्यांच्या बाबतीत साऱ्या फॉर्ममध्ये महत्त्वाचा रकाना तोच असतो.

पालकांना या शिक्षणाची फारशी कल्पना नसते. 'बटणे फिरवायला कॉलेज कशाला?' असे एका गृहस्थांनी मला विचारले होते. वाचकहो, हे शिक्षण बटणांचे नाही. ध्वनीचे पदार्थविज्ञान, विद्युतशास्त्र, माइकचे प्रकार, खोलीत आवाज कसा घुमतो त्याचे गणित, मुद्रण, संकलन आणि शेवटी सगळे आवाज एकत्र बसवण्याचे 'मिक्सिंग' असा तो व्याप आहे. जर्मनीत डेटमोल्ड येथे १९४९ साली आणि इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठात १९७० साली 'टोनमाइस्टर' म्हणजे ध्वनी आणि संगीत दोन्ही जाणणारा तज्ज्ञ घडवण्याचे शिक्षण सुरू झाले. आपल्याकडे पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली जुन्या 'प्रभात'च्या आवारात उभी राहिली. तिला २०२५ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. 'स्लमडॉग मिलेनिअर'साठी २००९ साली ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी याच संस्थेत ध्वनीचे शिक्षण घेऊन बाहेर पडले. तेव्हा मुलाने हा मार्ग निवडला तर त्याला वेड लागले असे समजण्याचे कारण नाही.

या शिक्षणाचा एक भाग मात्र माझ्या, म्हणजे डॉक्टरच्या अखत्यारीत येतो. या मुलांना कान 'तयार' करावा लागतो. गाण्यातली कोणती कंपनसंख्या किंचित वाढवली, कोणती कमी केली हे केवळ ऐकून ओळखायचे असते. त्यासाठी रोज कित्येक तास हेडफोन लावून किंवा स्पीकरसमोर बसून ऐकावे लागते. ज्या अवयवावर पुढची तीस-चाळीस वर्षे पोट भरायचे, त्याच अवयवाची झीज शिकतानाच सुरू होऊ शकते.

कानात नेमके काय होते ते थोडक्यात सांगतो. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा एक अवयव आहे, त्याला शंखिका म्हणतात. तिच्यात केसासारखी टोके असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी ओळीने बसवलेल्या असतात. शंखिकेच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, तीव्र स्वर टिपतात आणि आतल्या टोकाच्या पेशी खर्ज टिपतात. मोठा आवाज झाला की या केसांवर लाट आदळते. गवतावरून एकदा चालले तर गवत थोड्या वेळाने उभे राहते. रोज चालले की पायवाट पडते, तसाच हा प्रकार आहे. लग्नाच्या वरातीतून आल्यावर कान बधिर वाटतात, आत शिट्टी वाजल्यासारखी होते आणि सकाळपर्यंत बरे वाटते. तेव्हा गवत उभे राहिलेले असते. पण माणसाच्या कानातली ही पेशी एकदा मेली की तिच्या जागी नवी येत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही.

गंमत अशी की हे नुकसान आधी बोलण्याच्या टप्प्यात कळत नाही. आवाजाने होणारा बहिरेपणा बहुधा चार हजार कंपनांच्या आसपास सुरू होतो. त्या पट्टीत गेलेले थोडेसे ऐकणे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. हाक ऐकू येते, फोन ऐकू येतो. जाते ती 'स', 'श', 'फ' या अक्षरांची धार, झांजेचा झणकारा, तानपुऱ्याची जवारी. सामान्य माणसाचे त्यावाचून बरीच वर्षे अडत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे पहिल्या दिवशीच अडते.

दोन वर्षांपूर्वी जवळच्या गावातला एकोणीस वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर दाखल्यासाठी आला होता. घरचा मंडप-डेकोरेशनचा आणि साउंडचा धंदा. नववीपासून हा पोरगा लग्नसराईत आणि गणपतीत स्पीकरच्या भिंतीशेजारी उभा राहून मिक्सर सांभाळत असे. आता त्याला पुण्याला जाऊन रीतसर शिकायचे होते. रात्री झोपताना कानात बारीक शिट्टी वाजते, असे तो सहज बोलून गेला. मी सही न करता त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओग्रामसाठी पाठवले. वडील थोडे नाराज झाले. 'डॉक्टर, शेजारच्या घरात कुजबुजलेले ऐकू येते त्याला,' असे म्हणाले. कागद आला तेव्हा बाकीची रेघ सरळ होती आणि चार हजारावर खड्डा होता. उजवीकडे पंचेचाळीस डेसिबल, डावीकडे पन्नास. पंचवीसपर्यंत सर्वसाधारण समजतात.

'मग पाठवू का नको?' वडिलांनी विचारले. हा प्रश्न सोपा नव्हता. मी पाठवा म्हणालो, आणि आजही माझे तेच मत आहे. थोडी उणीव असलेले अनेक लोक या क्षेत्रात उत्तम काम करतात, कारण ऐकणे हे कानाइतकेच सरावाचे काम आहे. पण मी एक अट घातली. सुट्टीत घरी आल्यावर त्याने स्पीकरच्या भिंतीशेजारी उभे राहायचे नाही. ही अट बोलायला सोपी आहे. गणपतीचे दहा दिवस आणि लग्नसराई हीच त्या घराची वर्षाची कमाई, आणि मिक्सरवर बसणारा घरचा माणूस हाच. त्याच्या जागी पगारी माणूस ठेवावा लागला. वडिलांनी तो ठेवला. मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यातल्या ऑडिओग्राममध्ये खड्डा होता तेवढाच आहे, वाढलेला नाही. शिट्टी अजून वाजते.

ठेवलेल्या त्या माणसाच्या कानाचे काय, असे तुम्ही विचाराल. त्याला मी कापसाऐवजी चांगले इअरप्लग वापरायला आणि दर अर्ध्या तासाने जागा सोडायला सांगितले आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा त्यांत आहे. ते शेजाऱ्याच्या झोपेसाठी आहेत आणि योग्यच आहेत. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ऑपरेटरचा कान मात्र त्यांत कोणी मोजत नाही.

आता हिशेब. डेसिबलचे मोजमाप आपल्या किलो-लिटरसारखे नसते. तीन डेसिबल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणून अमेरिकेतील 'नायॉश' ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतील असे सांगते, पण ८८ ला चारच तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. ढोल-ताशाच्या ऐन मध्यात १०० च्या वर आवाज सहज जातो. मोजायचे यंत्र नसले तर एक घरगुती खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले तर तुम्ही ८५ च्या पलीकडे आहात.

आवाज फक्त डीजेचाच वाईट, असाही गैरसमज नको. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये क्रिस्टोफर गोल्डशायडर हे व्हायोलावादक २०१२ साली वाग्नरच्या ऑपेराच्या तालमीत पितळी वाद्यांच्या अगदी पुढ्यात बसले होते. त्यांच्या कानाला कायमची इजा झाली. २०१८ साली तिथल्या उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. अभिजात संगीत होते म्हणून कानाने सूट दिली नाही. 'बीटल्स'चे ध्वनिमुद्रण करणारे सर जॉर्ज मार्टिन यांनाही उतारवयात ऐकू येईनासे झाले. स्टुडिओत तासन्‌तास मोठ्या आवाजात काम केल्याचा हा परिणाम असे ते स्वतःच सांगत. २००६ सालच्या 'लव्ह' या अल्बमचे काम त्यांनी मुलगा जाइल्स याला बरोबर घेऊन केले.

विद्यार्थी आवाज वाढवतात तरी का? केवळ हौस म्हणून नव्हे, त्यामागे शास्त्र आहे. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो भरदार वाटतो. म्हणजे तेच गाणे मोठे केले की 'चांगले झाले' असे वाटते. मुलगा रात्री अकराला आवाज थोडा वाढवतो. तासाभराने कान थकतात, तीव्र स्वर बोथट होतात, म्हणून तो तीव्र स्वर वाढवतो. मग खर्ज कमी वाटतो, म्हणून सगळेच वाढवतो. पहाटे तीनला गाणे झक्क झाले म्हणून झोपतो आणि सकाळी ताज्या कानाने ऐकतो तेव्हा ते कर्कश निघते. इथे डॉक्टरचा सल्ला आणि धंद्याचा सल्ला एकच आहे. बेताच्या आवाजात, दोन माणसे सहज बोलू शकतील एवढ्या पातळीवर काम करावे. ती पातळी सुरुवातीलाच ठरवून बटणावर खूण करावी आणि खुणेच्या पुढे जाऊ नये. मोठा आवाज तपासायचाच असेल तर दोन मिनिटे ऐकून पुन्हा खाली आणावा. दर तासाला दहा मिनिटे हेडफोन काढून बाहेर यावे, आणि त्या दहा मिनिटांत मोबाईलवर गाणी ऐकू नयेत!

हॉस्टेलवर आणखी एक अडचण येते. आजूबाजूला गोंगाट असला की हेडफोनचा आवाज आपोआप वाढवला जातो. अशा जागी कान पूर्ण झाकणारा, बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन घ्यावा. मग कमी आवाजात भागते. थेट कार्यक्रमाच्या ध्वनियोजनेला जायचे असेल तर इअरप्लग लागतात. साध्या फोमच्या बोळ्यांनी तीव्र स्वर जास्त दबतात आणि गाणे गोधडीतून ऐकल्यासारखे वाटते, म्हणून मुले ते काढून टाकतात. सगळे स्वर सारखेच कमी करणारे खास संगीतकारांचे इअरप्लग १९८८ सालापासून मिळतात. ते थोडे महाग पडतात, पण हेडफोनवर मुले जो खर्च करतात त्यापुढे काहीच नाहीत.

पावसाळ्यात कानात बुरशी होण्याचे प्रमाण वाढते. कानात खुपसायचे इअरफोन तासन्‌तास लावल्याने आत दमटपणा राहतो आणि खाज सुटते. मग काडी, हेअरपिन, इअरबड, कोमट तेल असे सगळे प्रयोग होतात. कृपा करून यातले काहीही करू नका. इअरफोन एकमेकांचे वापरू नका. सर्दीने कान दडा बसला असेल तर त्या दिवशी मिक्सिंगचे काम पुढे ढकला. आणि एक विसरू नका: स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन या इंजेक्शनांनी कानाला अपाय होऊ शकतो. ती घ्यायची वेळ आलीच तर आपण काय शिकतो ते डॉक्टरांना आधी सांगावे. पर्याय असला तर ते बघतील.

एका गोष्टीला मात्र अजिबात थांबायचे नाही. सकाळी उठल्यावर किंवा प्रवासानंतर एक कान अचानक बंद झाला आणि सर्दी नाही, मळ नाही, तर 'उद्या बघू' म्हणू नका. गायिका अलका याज्ञिक यांनी २०२४ साली स्वतःला विषाणूसंसर्गामुळे अचानक बहिरेपणा आल्याचे जाहीर केले आणि मोठ्या आवाजाच्या संगीताबद्दल व हेडफोनबद्दल तरुणांना सावध केले, ते अनेकांनी वाचले असेल. अशा वेळी तज्ज्ञाने तपासून काही दिवसांतच स्टेरॉइडचे उपचार सुरू केले तर ऐकणे परत येण्याची आशा राहते. दोन-चार आठवड्यांनी आलेल्या रुग्णासाठी फारसे काही करता येत नाही.

प्रवेशापूर्वीचा ऑडिओग्राम जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात किंवा खासगी तज्ज्ञांकडे करून घेता येतो. अर्धा तास लागतो, दुखत-खुपत नाही. आठ हजार कंपनांपर्यंतची तपासणी करा असे आवर्जून सांगा आणि कागद जपून ठेवा; दर वर्षी त्याच्याशी तुलना करायची आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी वरात, मिरवणूक, ढोलाचा सराव, हेडफोन काहीही नको. निदान सोळा तास कानाला शांतता हवी, नाहीतर थकलेल्या कानाचा आलेख येईल आणि तपासणी पुन्हा करावी लागेल.