आज्ञावलीची व्यवस्थावही

या स्मृतिव्याख्यानमालेच्या पुस्तिकेसाठी संगणकशास्त्रातील एखादा विषय सुबोध करून मांडावा, अशी सूचना शाळेकडून आली. संगणकाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा त्याच्या चमत्कारांविषयी असते. मी मात्र एक अनाकर्षक भासणारा विषय निवडला आहे. दूरस्थ संगणकांवर आज्ञावली चालवताना तिला जी माहिती बाहेरून पुरवावी लागते, तिला ‘कॉन्फिगरेशन’ म्हणतात. येथे मी तिला ‘विन्यास’ म्हणेन.

नाट्यसंहिता एकच असते. परंतु प्रयोग बेळगावला आहे की पणजीला, यावर दिव्यांची जागा आणि नेपथ्याची मांडणी बदलते. ही व्यवस्था कोणी संहितेत लिहीत नाही. तिची वही वेगळी असते. आज्ञावलीचेही तसेच आहे. माहितीसाठा कोठे आहे, त्याचा परवलीचा शब्द कोणता, एका वेळी किती विनंत्या स्वीकाराव्या, या गोष्टी चाचणीच्या संगणकावर वेगळ्या आणि प्रत्यक्ष वापराच्या संगणकावर वेगळ्या असतात. हेरोकू कंपनीच्या ॲडम विगिन्स यांनी २०११ साली मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ सूत्रांत यासाठी एक मार्मिक कसोटी आहे : आपली सारी आज्ञावली या क्षणी जगापुढे उघडी केली, तर एखादे गुपित फुटेल काय? फुटणार असेल, तर विन्यास अद्याप संहितेतच अडकलेला आहे असे समजावे.

हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नव्हे. १ ऑगस्ट २०१२ पर्यंत अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीने आपल्या आठ संगणकांवर नवी आज्ञावली चढवली होती. त्यांतील एक संगणक राहून गेला. नवे कार्य सुरू करण्यासाठी जी खूण वापरली, तीच खूण पूर्वी एका जुन्या, कित्येक वर्षे न वापरलेल्या कार्यासाठी होती. सात संगणकांनी तिचा नवा अर्थ घेतला, आठव्याने जुना. त्या दिवशी सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. खूण तीच, वाचणारे दोन प्रकारचे. अनर्थ ओढवला तो एवढ्याने.

आता आजच्या साधनाकडे वळू. गूगलने २०१४ साली जाहीर केलेले ‘कुबरनेटिस’ हे आज्ञावल्या अनेक संगणकांवर पसरवून चालवणारे साधन आहे. नाव ग्रीक असून त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या ‘कर्णधार’ शब्दाचाही मूळ अर्थ हाच. क्रिकेटमुळे तो आपण विसरलो, ही गोष्ट वेगळी. या साधनात विन्यासासाठी दोन वस्तू आहेत : साध्या माहितीसाठी ‘कॉन्फिगमॅप’ आणि गुपितांसाठी ‘सीक्रेट’. दुसऱ्याच्या नावावर विसंबून पुष्कळजण फसतात. त्यातील मजकूर ‘बेस-६४’ या पद्धतीने लिहिलेला असतो, म्हणजे केवळ लिपी बदललेली असते. मोडीत लिहिलेले पत्र मोडी जाणणाऱ्याला जसे सहज वाचता येते, तसेच हे. खरे कुलूप हवे असेल तर साठ्याच्या सांकेतिकीकरणाची सोय स्वतंत्रपणे करावी लागते. ती आपोआप होत नाही.

याहून सूक्ष्म अडचण बदलाची आहे. विन्यास आज्ञावलीला दोन वाटांनी देता येतो. ‘पर्यावरण-चल’ म्हणून दिला, तर आज्ञावली सुरू होतानाचे मूल्यच कायम राहते. मागाहून वहीत कितीही खाडाखोड केली तरी चालू आज्ञावलीला तिचा पत्ता नसतो. फाइल म्हणून जोडला, तर नवा मजकूर थोड्या वेळाने तेथे उमटतो. परंतु आज्ञावलीने ती फाइल पुन्हा वाचली तरच त्याचा उपयोग. परिणाम असा, की एकाच नावाच्या विन्यासाखाली काही प्रती जुन्या मूल्यावर आणि काही नव्यावर चालू शकतात. नाइट कॅपिटलची आठवण येथे व्हावी.

म्हणूनच २०२० साली प्रायोगिक स्वरूपात आलेली आणि २०२१ साली १.२१ या आवृत्तीत स्थिरावलेली ‘इम्युटेबल’, म्हणजे अपरिवर्तनीय विन्यासाची सोय मला या साधनातील फार मोलाची सुधारणा वाटते. एकदा ही खूण केली की त्या वहीतील अक्षर बदलता येत नाही आणि खूणही मागे घेता येत नाही. बदल हवा असेल तर नवी वही करून आज्ञावलीला तिचे नाव सांगावे लागते. नाव बदलले की नव्या प्रती क्रमाक्रमाने सुरू होतात आणि कोणती प्रत कोणत्या मूल्यावर चालते, हे नावावरूनच कळते. शिवाय मध्यवर्ती यंत्रणेला अशा वहीवर सतत नजर ठेवावी लागत नाही, त्यामुळे तिचा भार हलका होतो. ‘कस्टमाइझ’ नावाचे जोडसाधन तर मजकुरावरून काढलेली खूणगाठ नावाच्या शेवटी आपणहून जोडते; मजकूर बदलला की नावही बदलते.

अर्थात याला खर्च आहे. जुन्या वह्या साचत जातात आणि त्या कोणीतरी काढाव्या लागतात. काढताना एखादी अजून वापरातील वही गेली, तर चालू प्रती चालत राहतात, कोणाच्या काही लक्षातही येत नाही. मग एखाद्या रात्री संगणक बंद पडतो, दुसऱ्या संगणकावर नवी प्रत उभी करण्याची वेळ येते, आणि ती आपली वही शोधत तशीच अडकून राहते.