सिस्टरच्या भरवशावर राहिलेली आपली माणसं

पीकपाणी, खत, बाजारभाव यावर या पानातून नेहमीच बोलणं होतं. आज जरा वेगळा विषय. बांधावर बसलं की पिकाबरोबर घरच्याही गोष्टी निघतात. एखादा शेतकरी हळूच सांगतो, "आमचा थोरला चुलता मनोरुग्णालयात असतो." शेवटचं कधी भेटलात, असं विचारलं की मान खाली जाते.

राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. उपचार घेऊन बरेच जण घरी परततात. काहींना मात्र न्यायला कुणी येत नाही. आईबाप गेलेले, भाऊ वेगळे निघालेले, नव्या सुनांना भीती. असं करत माणूस वॉर्डातच म्हातारं होतं. मग जवळचं माणूस म्हणजे तिथली सिस्टर नाहीतर ब्रदर.

हे नातं गोळ्या वाटण्यापुरतं नसतं. वर्षानुवर्षं औषधं घेऊन काहींचे हात थरथरतात, अंग ताठतं, तोल जातो. म्हातारपणी पडून हाड मोडायची भीती असतेच. बोलणं कमी झालेला माणूस दुखलं-खुपलं तरी सांगत नाही. भाकरी ताटात तशीच राहिली, रात्रीची झोप उडाली, हे आधी ध्यानात येतं ते नर्सच्या. रोज शेतात फिरणाऱ्यालाच पानावरचा पहिला ठिपका दिसतो, तसंच हे. नर्सचं रुग्णाशी असलेलं नातं हाच उपचाराचा गाभा, हे अमेरिकेतल्या हिल्डगार्ड पेपलाऊ या नर्सनं १९५२ साली पुस्तक लिहून मांडलं होतं.

म्हाताऱ्या माणसाला मान लागतो. लहान पोरासारखं दटावलं तर ते गप्प होतं. "आजोबा, आंघोळ आत्ता करायची का चहा झाल्यावर?" असं विचारलं तर ऐकतं. चांगल्या नर्सला हे ठाऊक असतं.

पण तिलाही सगळा वॉर्ड सांभाळायचा असतो. ड्यूटी बदलते, बदली होते, ती रिटायर होते. मग म्हाताऱ्याचं माणूस पुन्हा एकदा तुटतं. शिवाय त्याला घरी काय म्हणून हाक मारायचे, त्याची बैलजोडी कुठली होती, हे तिला कोण सांगणार? ते आपल्यालाच माहीत असतं.

आता कायद्याचं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्याच कारणानं कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येत नाही, असं तो सांगतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आजारपणामुळे वारसाहक्क जात नाही. तेव्हा वाटणीच्या वेळी "तो तर तिकडंच असतो" म्हणून त्याचा हिस्सा गिळू नका.

आपलं माणूस तिकडं असेल तर सुगी आटोपल्यावर एकदा जाऊन या. घरातला जुना फोटो न्या. तब्येत कशी आहे, गोळ्या कुठल्या, घरी आणता येईल का, हे सिस्टरला आणि डॉक्टरांना विचारा. पहिल्या भेटीत त्यानं ओळखलं नाही तर खट्टू होऊ नका, पुन्हा जा. घरी आणल्यावर काही अडलं तर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर मोफत सल्ला मिळतो.