निळी झाक आणि काजळीच्या कड्या

अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डच्या स्मिथ अँड वेसनने 1857 साली आपलं पहिलं रिव्हॉल्वर विकायला काढलं, तेच मुळी .22 रिमफायर होतं. रिमफायर काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. घोडा पडला की ती कडा चेपते आणि दारू पेटते. याच घराण्यातलं के-22 हे 1931 मध्ये आलं आणि 1957 पासून ‘मॉडेल 17’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. सहा घरांचं सिलिंडर, लांब नळी आणि निळसर काळं पोलाद असलेलं हे हत्यार चांदमारीच्या शौकिनांचं आवडतं. जुन्या के-22ची किंमत ठरते ती बरीचशी या निळ्या झाकेवर, आणि ती झाक गोळीबारापेक्षा साफसफाईतच जास्त उडते.

ही झाक म्हणजे वरून दिलेला रंग नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम धरवलेला तो लोखंडाचा काळा ऑक्साइड, अगदी पातळ. गंजही ऑक्साइडच. म्हणून गंज काढणारं आम्ल लावलं की ते दोघांनाही सारखंच खातं. शिसं पुसायची रसायन लावलेली फडकी मिळतात, तीही झाक खरवडून नेतात. निकेलचा मुलामा असेल तर अमोनियाच्या द्रावणापासून सांभाळावं. मुलाम्याखाली तांब्याचा थर असेल आणि मुलाम्याला चीर असली, तर ते त्या तांब्यापर्यंत पोचतं. .22च्या बऱ्याच गोळ्या नुसत्या शिशाच्या, त्यामुळे तांबं काढणाऱ्या त्या द्रावणाची इथे सहसा गरजही नसते.

सफाईआधी सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची. हातात मोजे हवेत, कारण काजळीत शिसं असतं. चौकट आड येत असल्याने नळीत सळई तोंडाकडूनच घालावी लागते. तोंडाची कडा घासली गेली तर नेम बिघडतो, म्हणून तिथे सळईला पितळी गाइड लावतात. आत ब्राँझचा ब्रश, बाहेर नायलॉनचा. खरी मेख घरांमध्ये असते. तिथे मेण, शिसं आणि जळकी दारू यांचं किटण साचलं की काडतूस पुरतं बसत नाही. घोड्याचा मार ते आत सरकवण्यातच वाया जातो आणि बार फुसका निघतो. रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखालचा दारूचा कणही सिलिंडर अडवू शकतो.

स्क्रूची खाच खराब झाली की कुणीतरी बेमापी पेचकस चालवला हे लगेच कळतं. बाजूची पट्टी तर उगाच उघडूच नये. शेवटी तेलाचा पुसट हात फिरवावा, घरं मात्र कोरडी ठेवावीत. कातडी म्यानात हत्यार ठेवू नये. कातडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेल्या क्षारांनी डाग पडतात.

सिलिंडरच्या तोंडावर घरांभोवती उमटणाऱ्या काजळीच्या काळ्या कड्यांनी काही बिघडत नाही. चार बार काढले की त्या पुन्हा उमटणारच. त्या घासून काढायच्या हट्टापायी गेलेली झाक मात्र परत येत नाही.