बंद फाटक आणि उघडी दिंडी

जळगाव-धुळ्याच्या ज्या पिढीने गिरण्यांचे भोंगे ऐकले, तिला फाटकातली दिंडी सांगायला नको. दुरुस्ती निघाली की मोठे फाटक लागे, वर पाटी लटके. फिटर मात्र दिंडीतून आत जाई. संकेतस्थळ दुरुस्तीसाठी बंद ठेवण्याची रीतही हीच.

मुळात बंद का करावे? माहितीच्या कोठाराची मांडणी बदलत असताना कोणी अर्ज भरला, तर अर्धी नोंद जुन्या खतावणीत आणि अर्धी नव्या खतावणीत जायची. म्हणून फाटक लावायचे. परंतु काम नीट झाले की नाही, हे पाहणारी माणसे आत हवीतच.

प्रत्येक मागणीबरोबर ती कोठून आली तो आयपी पत्ता येतो. पुढचा सर्व्हर हा पहारेकरी. पत्ता कचेरीचा असेल तर तो आत सोडतो. इतरांना पाटी दाखवतो आणि 503 हा आकडा देतो. 'सेवा तूर्त उपलब्ध नाही', असा त्याचा अर्थ. त्यासोबत 'इतक्या वेळाने या' असेही सांगता येते. नेहमीचा 200 आकडा दिला, तर गूगलसारखी शोधयंत्रे त्या पाटीलाच खरे पान समजू शकतात.

येथे एक फसगत होते. पहारेकऱ्यापुढे मध्यस्थ सर्व्हर असला, तर सर्वांचा पत्ता त्या मध्यस्थाचाच दिसतो. मग एक तर सगळे आत, नाही तर सगळे बाहेर. म्हणून मध्यस्थ मूळ पत्त्याची चिठ्ठी जोडतो. पण तशी चिठ्ठी कोणीही लिहू शकतो. तेव्हा आपल्याच मध्यस्थाची तेवढी मानावी. दिंडी उघडी असली तरी आतल्या कपाटांची कुलुपे, म्हणजे परवलीचे शब्द, कायम ठेवावेत. आणि फाटक लावले म्हणून आतली यंत्रे थांबत नाहीत. आपोआप चालणारी कामे वेगळी थांबवावी लागतात.

आता पाटीविषयी. धुळ्याचा एक हमाल रोज बुडवून अर्ज भरायला माझ्याकडे आला. मुदतीचा शेवटचा दिवस. पडद्यावर एकच ओळ: 'काम चालू आहे.' केव्हापर्यंत? मुदत वाढणार का? उत्तर नाही. संध्याकाळी तो रिकाम्या हाताने परत गेला.

रेल्वेचे ऑनलाइन आरक्षण रोज मध्यरात्रीच्या सुमारास काही वेळ बंद असते. पण ती वेळ ठरलेली असल्यामुळे भुसावळचा प्रवासी तक्रार करीत नाही. फाटक जरूर लावा. पण पाटीवर वेळ लिहा, आणि जितके तास फाटक बंद तितकी मुदत वाढवून द्या. दिंडी कारागिरासाठी असते. पाटी ही बाहेर ताटकळणाऱ्यासाठी असते.